पॅडला लागतो

रविवारी दुपारी चारला आमचा कार्यक्रम, आणि सकाळी अकराच्या तालमीत माझ्या क्लॅरिनेटचा जी शार्प चिकटला! चिकटला म्हणजे काय, बोटाने त्या स्वराची की दाबली तरी पलीकडचं झाकण भोकावरून उठेचना. मला सोळा बारचा, म्हणजे सोळा आवर्तनांचा, सोलो होता. सबंध बँड थांबणार, मी एकटी वाजवणार, आणि त्यात सगळ्यात लांबवायचा, चार बारचा स्वर नेमका हाच. मी दाबतेय, फुंकतेय, आणि बाहेर भलतंच काहीतरी येतंय. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

मी काही कलाकार-बिलाकार नाही हं. इथे परदेशात, पाया लेबार भागातल्या एका ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टिंगची टीम सांभाळते, वय शेहेचाळीस, आणि डोकं जरा लवकर तापतं. दोन वर्षांपूर्वी बेडोकला आम्ही राहतो त्या ब्लॉकखाली हौशी लोकांचा बँड वाजत होता. त्यात क्लॅरिनेट लागलं आणि मी हातात कोथिंबिरीची जुडी घेऊन अर्धा तास तिथेच उभी राहिले. दुसऱ्या आठवड्यात जुनं क्लॅरिनेट विकत आणलं. नवऱ्याने विचारलं, "हे काय नवीन खूळ?" मी म्हटलं, "आहे खूळ!" पुढे ऑफिसला कळलं, शेजाऱ्यांना तर कळलंच. कळलं नव्हतं ते फक्त पुण्याला, माझ्या बाबांना. सांगायची हिंमतच झाली नव्हती, कारण बाबा आयुष्यभर लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचे. ते क्लॅरोनेटच म्हणतात.

तर तालमीत माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणारे चिनी अंकल, सत्तरीचे, निवृत्त मास्तर, त्यांनी माझं वाद्य हातात घेऊन पाहिलं आणि हसत, इथल्या सगळ्यांसारखं वाक्याला 'लाह' जोडत म्हणाले, "ओलं झालंय. पॅडखाली सिगारेटचा कागद घाल, लाह. एका मिनिटात सुटेल. माझा संपलाय, नाहीतर दिला असता."

"कशाखाली?" मी विचारलं.

"पॅड." त्यांनी कीच्या खालची ती गोल, मऊ गादी दाखवली, जी भोकावर बसते. "हे पॅड. सिगारेटचा कागद पातळ असतो, पाणी टिपून घेतो. जगातले सगळे क्लॅरिनेटवाले हेच करतात."

तुम्हाला सांगते, मला कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. दोन वर्षं मी त्या गाद्यांना गाद्याच म्हणत होते.

पुण्याला असतानाची गोष्ट, मी चौदा वर्षांची होते. दुसऱ्या दिवशी गणिताचा पेपर. बाबांच्या बँडच्या लाल कोटाचं बटण लावायला घेतलं, तर खिशात सिगारेटच्या कागदांचं पाकीट! आमच्या गल्लीच्या तोंडाशी पानटपरी होती, तिथे कॉलेजची पोरं हळूच हेच कागद मागायची, आणि कशात काय भरून ओढायला, ते अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. बाबा साधी विडीही ओढायचे नाहीत. म्हणजे गांजाच! डोक्यात अशी तिडीक गेली माझ्या. पाकीट त्यांच्यासमोर नाचवत विचारलं, "हे काय आहे?"

"अगं, ते पॅडला लागतं," बाबा सहज म्हणाले.

माझ्या मांडीवर पॅड होतं, परीक्षेचं, वरती चिमटा असलेलं. मला दुसरं पॅड माहीतच नव्हतं. "पॅडला फुलस्केप लागतो, बाबा! सिगारेटचा कागद लागत नाही! मला काय कुक्कुलं बाळ समजता?"

ते हसायलाच लागले. उठून कोपऱ्यातली पेटी आणली आणि उघडली. "इकडे ये, दाखवतो."

"ते पिपाणं मला दाखवू नका!" मी ओरडले, आणि पाकीट थेट बंबात टाकलं.

बाबांनी पेटी बंद केली. त्यानंतर तो विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. पण माझ्या मनात तो गांजा ठाण मांडून बसला. माझ्या लग्नात मी बजावून सांगितलं, बँड नको. सनईची कॅसेट लावली, आणि इतरांच्या लेकींना वाजवत मांडवात नेणारा माझा बाप सफारी घालून दाराशी पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडत उभा राहिला.

आता मात्र माझे पाय जमिनीवर ठरेनात. लाज वाटत होती, रडू येत होतं, आणि तरी असं काही उधाण आलं होतं की विचारू नका. बाबा खरं बोलत होते! माझी सोळा वर्षांची लेक कार्यक्रमासाठी आली होती, तिला धरूनच मी मार्केटजवळच्या तमिळ अण्णांच्या दुकानात गेले. इथे तंबाखूचा सगळा माल बंद कपाटात असतो, मागावा लागतो. आणि या देशात गांजा म्हणजे चेष्टा नाही, इथे राहण्या-कामाचा पास जातो, तुरुंग होतो. त्यामुळे मी काउंटरवर वाकून अगदी कुजबुजत म्हटलं, "सिगारेट पेपर आहे?"

"मम्मा, यू लुक सो गिल्टी, लाह!" लेक मागून खिदळली.

"तंबाखू कुठली?" अण्णांनी विचारलं.

"तंबाखू नको. नुसता कागद."

अण्णांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. कुर्ता, टिकली, काखेत काळी लांबट पेटी. आली का पंचाईत! मी पेटी उघडून क्लॅरिनेटच त्यांच्यासमोर धरलं. "याच्यासाठी. पाणी टिपायला. चार वाजता कार्यक्रम आहे हो!" ते इतके चकित झाले की त्यांनी कपाटातली तीनही पाकिटं काउंटरवर मांडली. एक पांढरं, एक तपकिरी, एक लांब आकाराचं.

आता यातलं घेऊ कुठलं? अंकलना फोन करता आला असता. पण माझ्या बोटांनी पुण्याचा नंबर लावला, व्हिडिओवर.

"काय गं, आज या वेळेला?" बाबांचा अर्धा चेहरा आणि अख्खा पंखा दिसला.

"बाबा, सिगारेटचा कागद घ्यायचाय. कुठला घेऊ?"

"सिगारेटचा? कोण ओढायला लागलं?"

"कोणी नाही. पॅडला लागतो."

  तिकडे फोन सरळ झाला आणि पूर्ण चेहरा दिसला.

"कुठला स्वर?" त्यांनी विचारलं.

"जी शार्प."

"तोच चिकटतो मेला!" बाबा एकदम ताठ बसले. "दाखव पाकिटं. एकेक कागद काढ. उजेडात धर. मागचं बोट दिसतंय का?"

तपकिरीमागे बोट दिसेना. लांबड्यामागे जरासं दिसलं. पांढऱ्यामागे नखसुद्धा दिसलं. अण्णाही वाकून बघायला लागले.

"पांढरा घे! आता नीट ऐक. गमाची पट्टी आधी फाडून टाक, नाहीतर आणखी चिकटेल. झाकण नखाने उचलून कागद आत सरकव, हळूच सोड, पाच मोज. मग झाकण उचल आणि नंतरच कागद काढ. ओढून काढायचा नाही, पॅड फाटतं." तिथेच काउंटरवर, अण्णा आणि लेक दोन्हीकडून बघत असताना, मी तसं केलं. तीनदा. कागदावर ओला गोल उमटला. की दाबली, आणि झाकण टुणकन उठलं! आम्ही तिघं ओरडलो, फोनमधून बाबा चौथे.

"पण वाजवणार कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"मी," मी म्हटलं. "चारला. ऐकाल?"

लेक पहिल्या रांगेत फोन धरून बसली. तो स्वर लागला, लांब, स्वच्छ, चारही बार. टाळ्या कधी वाजल्या, मला कळलंच नाही. मी स्टेजवरून उतरून सरळ फोनकडे गेले.

"शेवटच्या ओळीत श्वास उशिरा घेतलास," बाबा म्हणाले. डोळे पुसत होते आणि चुका काढत होते.

"बाबा, ते पाकीट मी बंबात टाकलं होतं. चुकलं माझं. फार चुकलं."

"लहान होतीस गं. मला वाटायचं, कधीतरी विचारशील, पॅड म्हणजे काय." मग ते उठले, फोन हलला, कपाटाचं दार वाजलं. परत आले तेव्हा त्यांच्या मांडीवर ती जुनी पेटी होती. कडीवर बोट ठेवून ते थांबले आणि माझ्याकडे बघत राहिले.

"दाखवा, बाबा," मी म्हटलं.