घरघंटी चालू असेपर्यंत

भिवंडीतल्या आमच्या शेडमधल्या कापड विणायच्या लूमचा आवाज एवढा, की पार कोन गावच्या कोंबड्या दचकून दिवसाला दोन-दोन अंडी घालायच्या. खोटं वाटत असेल तर कोंबड्यांना विचारा. त्या खडखडाटात घसा फोडून उपयोग नसे. ओठ हलवायचे, भुवया उडवायच्या, समोरच्यानं ते वाचायचं. माझे बाबा या भाषेतले बादशहा. एका भुवईनं कारागिराला झापत आणि दुसरीनं चहा मागवत.

तीच भाषा मी उचलली आणि तिनंच मला टीव्हीवर नेलं. एका मालिकेला मुका मुलगा हवा होता. बाकीची पोरं बिचारी गप्प बसून दाखवत होती; मी चेहऱ्यानं अख्खी भिवंडी बोललो. पुढं वज्रेश्वरीला गेलो की दर्शनाची रांग मागे वळून माझ्याकडेच बघायची. देवीनं मोठ्या मनानं चालवून घेतलं.

मग मिसरूड फुटलं आणि काम संपलं. शिकून मी इंडस्ट्रियल डिझायनर झालो, म्हणजे यंत्रांना आणि वस्तूंना रंगरूप देणारा. शतक बदललं, आमच्या लूम भंगारात गेल्या, शेड गप्प झाली. आणि शेडबरोबर बाबाही. शांततेत बोलायची त्यांना सवयच नव्हती. नोकरीला मी पुण्यात, तिथून फोन करायचो.

"बाबा, तब्येत बरी आहे ना?"

"हाय."

"काही पाठवू?"

"न्हाय. आयशीला देतो."

देशातले सगळे फोन एकत्र जोडले असते तरी त्यांतून याच्यापुढं एक शब्द निघाला नसता. मला मात्र तो बडबड्या बाप हवा होता.

एकदा कंपनीनं घरघंटीचा आवाज कमी करायचं काम दिलं. नमुन्याचं यंत्र मी आमच्या रिकाम्या शेडमध्ये आणलं, आवाज अडवणारं अस्तर काढलं, गहू ओतले आणि बटण दाबलं. पत्रे थरथरले. दारात उभ्या बाबांची भुवई वर गेली. ओठ हलले.

"बारीक झालास रं. खानावलीन पोटभर देत न्हाय?"

"देतात. पण आईसारखं नाही," मीही ओठांनीच म्हणालो.

मग काय, धरणच फुटलं! राहनाळला गोदामासाठी कोणी जमीन दिली, आईपासून लपवलेला गुडघा कसा दुखतो, सगळं सगळं. आणि मध्येच:

"तुजी शिरेल बंद झाली ना, तवा शेडमदला टीव्ही काढून टाकला मी. दुसऱ्या कोनाची तोंडा बघवत न्हवती."

मला रडायचीही सोय नव्हती. चेहरा वाकडा झाला असता तर त्यांना वाटलं असतं, मी काहीतरी बोलतोय.

गहू संपत आले. यंत्र थांबलं की पुन्हा हाय-न्हाय. मी पोत्यात हात घातला. तेवढ्यात पिठानं पांढऱ्या झालेल्या शेडच्या दारात आई येऊन ओरडली, "एवरा पीठ कोन खानार रं? गावजेवन हाय काय?"

बाबांनी भुवईनंच मला दटावलं.

"तिच्याकरं बघू नको. गहू टाक."