मामेसासऱ्यांचा डबा आणि कोमलचं लग्न

जगातली प्रत्येक वस्तू कधी ना कधी दगा देणार, म्हणून तिची एक कॉपी दुसऱ्याच्या घरी असलीच पाहिजे, असं मानणारा माणूस माझ्या पाहण्यात एकच आला आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. सुरतेत डिंडोलीला आमच्या मागच्याच सोसायटीत ते राहतात. वीस वर्षं लूमवर काढली, मग कुणाचा तरी जुना कॅमेरा हाती लागला, आणि आता नवागाम-डिंडोलीत खानदेशी माणसाचं लग्न म्हटलं की शूटिंगला आमचे मामाच. त्यांच्या घराच्या किल्लीची एक कॉपी आमच्याकडे, एक समोरच्या पाटलांकडे आणि एक गावी, शहाद्याजवळच्या खेड्यात. सुरतेत कुलूप अडकलं तर गावची किल्ली काय कामाची, असं मी एकदा विचारलं. "जवाईबापू, हरवलेल्या वस्तूची एक तरी बहीण कुठे आहे ते माणसाला माहीत पाहिजे," म्हणाले.

ज्या कॉम्प्युटरवर ते लग्नांच्या फिल्म जोडतात त्याला घरात सगळे 'डबा' म्हणतात. तो केव्हा बंद पडेल याचा नेम नाही. त्याचं एका बाजूचं झाकण कायमचं काढून ठेवलेलं असतं आणि घरातल्या एकुलत्या एक टेबल फॅनचं तोंड बारा महिने त्याच्याकडे. लग्नानंतर पहिल्यांदा मी जेवायला गेलो तेव्हा मे महिना होता. मी घामाने निथळतोय आणि समोर डबा मजेत वारा खातोय. मामींना राहवेना. "अहो, जावई आलेत, पंखा तरी फिरवा जरा इकडे!" तर मामांनी पंखा नाही फिरवला, माझं ताट उचललं आणि पंख्याच्या मागे नेऊन ठेवलं. "इथे बसा, मागूनही थोडा येतो." डब्यात कॉपी चालू असली की मिक्सर लावायला बंदी, मामी बिचाऱ्या पाट्यावर चटणी वाटतात. मध्येच स्क्रीन काळी पडली की आम्ही सगळे ताडकन उठतो, मामा मात्र चहाचा घोट घेऊन म्हणतात, "कसाले घाबरतस? तो बी थकस. चालशे!" म्हणजे चालेल. अहिराणीत सुरू झालेलं वाक्य गुजरातीत संपवल्याशिवाय त्यांना ते पूर्ण झाल्यासारखं वाटत नाही.

त्यांची पद्धत अशी. कुठलं चित्र कुठे कापायचं, कुठे कुठलं गाणं घालायचं, ही सगळी यादी म्हणजे प्रोजेक्ट. तो दर पाच मिनिटांनी सेव्ह होतो आणि संध्याकाळी पेन ड्राइव्हवर जाऊन सात घरांत वाटला जातो. आमच्याकडे तो तांदळाच्या डब्यात असतो. कॅमेऱ्यातलं मूळ चित्र मात्र फार जड, त्याच्या दोनच कॉप्या. एक डब्याच्या पोटात. दुसरी हार्ड डिस्क हळदकुंकू लावून, लाल खणात गुंडाळून, नवरी पहिल्या माहेरपणाहून सासरी निघाली की तिच्या ओटीत. "तापीला पूर आला तर लग्न गावी वाचेल," मामा सांगतात, "आणि गावचं घर पडलं तर इथे."

समोरच्या पाटलांच्या कोमलचं लग्न आलं आणि दोन दिवस आधी पाटीलकाकूंना तातडीने ऑपरेशनला न्यावं लागलं. पत्रिका वाटून झालेल्या, पाहुणे गाडीत बसलेले. काकूंनीच हट्टाने सांगितलं, लग्न पुढे ढकलायचं नाही. एकुलत्या एका लेकीच्या डोक्यावर अक्षता पडल्या तेव्हा आई दवाखान्यात होती, आणि आत फोनही नेऊ देत नव्हते. पुढे महिनाभर, कुणीही भेटायला गेलं की काकूंचं एकच, "मला माझ्या पोरीचं लग्न पाहायचंय." मामांनी शब्द दिला, "वहिनी, सोमवारी तुम्ही घरी या. तुम्हाला सोफ्यावर बसवून परत लग्न लावतो."

आणि शनिवारी सकाळी डबा गेला. नेहमीसारखा थकला नाही, करपल्याचा वास आला आणि पोटातल्या डिस्कसकट गेला. यादी सात घरांत सुखरूप आणि चित्र अख्ख्या सुरतेत कुठेच नाही. पुरणपोळीची कृती घरोघरी, आणि डाळच नाही! मी वाट पाहत होतो, पण मामा 'चालशे' म्हणाले नाहीत. तेव्हा मात्र मी खरा घाबरलो.

मामांनी कोमलला सासरी फोन लावला. "बेटा, ती लाल खणातली डिस्क कुठे आहे?"

"देव्हाऱ्यात, मामा. हळदकुंकू लावलेलं म्हणून सासूबाईंना वाटलं माहेरचा देव असेल. सोडून बघायची त्यांची हिंमत नाही झाली, आणि सांगायची माझी. रोज पूजा होते."

"पूजा?" मामांचा आवाज बारीक झाला. "पाण्याने?"

"शिंपडतात थोडं. सोमवारी दूध."

मामी म्हणाल्या, "अजून लावा कुंकू!" पण स्वतःच पदराने डोळे पुसत होत्या.

आईसाठी कोमल रविवारी येणारच होती. बसमध्ये डिस्क मांडीवर घेऊन आली. खण कुंकवाने पापडासारखा कडक झालेला. मामांनी तो सोडला तर आत प्लास्टिकची पिशवी, तिच्यात आणखी एक पिशवी. "मीच घातली होती की!" असं म्हणून त्यांनी स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. माझ्या लॅपटॉपला डिस्क जोडली, दिवा लागला, आणि तांदळाच्या डब्यातल्या यादीला तिचं एकेक चित्र सापडत गेलं.

सोमवारी काकूंना सोफ्यावर बसवून फिल्म लावली. कोमल गुलाबाच्या पाकळ्यांतून उगवत होती, बदामात मावळत होती, मागे गाणी. काकू बघत होत्या, पण चेहरा उतरत चाललेला. "भाऊ, छान केलंय हो. पण हे सगळं सिनेमासारखं झालं. माझी पोरगी जरा तशीच दाखवा ना."

न कापलेलं चित्र मामा कुणाला दाखवत नाहीत, आपलं उघडं घर दाखवल्यासारखं त्यांना वाटतं. पण त्यांनी फिल्म बंद केली आणि मूळ चित्र उघडलं. मांडवामागची खोली. घाईत कॅमेरा चालूच राहिलेला. कोमल नटून एकटी बसलेली, दार वाजलं की मान वर करायची, मग पुन्हा खाली.

काकू पुढे सरकल्या. "नथ वाकडी झालीय गं तुझी," त्या स्क्रीनला म्हणाल्या. "कुणी सांगितलं नाही का?"

शेजारी बसलेल्या कोमलचा हात आपोआप नाकाशी गेला. नथ तर नव्हतीच. "नाही गं आई, कुणीच नाही," म्हणाली, आणि आईच्या खांद्यावर डोकं टेकून पोटभर रडली.

मामांनी पुढचं चित्र लावायला हात नेला, तर काकूंनी तो धरून ठेवला. ते बिनकापलेलं लग्न आम्ही चार तास पाहिलं, आणि काकूंनी एक मिनिटही पुढे पळवू दिलं नाही.