आज आमचे गुण गेले

अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत तो बोलायचा. वय, शिक्षण, इंग्रजी, अनुभव. शेवटच्या पेरावर अंगठा थांबला की म्हणायचा, "ताई, इथलं सगळं तात्पुरतं. एकदा नॉमिनेशन आलं की सुटलो."

झूटरमेर या डच गावात आमच्या भिंतीला लागून त्याचं घर होतं. कॅनडाचे प्रांत गुण पाहून माणसं निवडतात, त्यांची शिफारस, म्हणजे नॉमिनेशन, करतात आणि त्या शिफारशीवर तिथे कायमचं राहता येतं. तो अनेक वर्षं या शिफारशीच्या मागे होता. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मला मात्र या माणसाची किळस यायची.

आपल्याच प्रांतात का यायचंय, असं काही प्रांत विचारायचे. एकदा त्याने गव्हाच्या शेतांवरचं प्रेम लिहून पाठवलं. तिथे डाळ शिजली नाही तेव्हा समुद्रकाठच्या कोळ्यांच्या गावाची ओढ लिहिली. घरात अंडंसुद्धा न चालणारा माणूस! हे खोटं आहे, असं मी तोंडावर सांगितलं. त्यावर शांतपणे म्हणाला, "खोटं कसं? गेल्यावर बघू की."

अर्ज बायकोच्या नावावर होता, कारण मीनल वयाने लहान आणि इंग्रजीत वरचढ. डेल्फ्टच्या एका प्रयोगशाळेतलं तिचं काम तिला मनापासून आवडायचं. तिथे जायला सायकल हवी होती, तीही त्याने घेऊ दिली नाही. जाताना विकायचा त्रास नको म्हणे. खिडक्यांना पडद्यांऐवजी चादरी. ती लायब्ररीतल्या डचच्या वर्गाला जायची, तर हा विचारायचा, "डच शिकून तिकडे बर्फाशी बोलणार आहेस का?"

इथल्या रीतीप्रमाणे माझ्याही संडासात वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं आहे. त्यात लिहायला मीनलने लगेच तारीख सांगितली. तो म्हणाला, "माझी नको. तोवर आम्ही इथे नसू."

मीनलची चाळिशी जवळ आली तसा त्याचा अंगठा वेगाने फिरू लागला. वाढदिवस झाला की वयाचे गुण उतरणार होते. शिफारस त्याआधी यायला हवी होती. आली नाही.

वाढदिवसाला मीनलने आम्हाला बोलावलं. खुर्च्या गोल मांडल्या होत्या. इथे वाढदिवस एकाचा असला तरी अभिनंदन घरच्या सगळ्यांचं करतात. समोरच्या डच आजीबाईंनी त्याप्रमाणे हसून त्याचा हात हातात घेतला.

"कशाबद्दल?" तो इंग्रजीत म्हणाला. मग माझ्याकडे वळून मराठीत, "आज आमचे गुण गेले, ताई. अभिनंदन कसलं?"

आजीबाईंनी हात सोडला. मीनलने मात्र सगळ्यांना केक दिला आणि त्याच्यापुढे बशी ठेवताना ती म्हणाली, "मी चाळीस वर्षांची झाले. एवढंच झालंय."

पुढे कॅनडातल्या कुठल्याशा दूरच्या गावात त्याला नोकरी मिळाली आणि तिच्या जोरावर त्याच्याच नावाने शिफारस आली. तोवर मीनल इथली डचची परीक्षा पास झाली होती. इथे कायमचं राहण्याचा परवाना तिने स्वतः मिळवला होता. ती गेली नाही. निघताना तो माझ्या दारात आला. मला वाटलं, आता तरी काही बरं बोलेल. म्हणाला, "ताई, तिला जरा समजवा. एवढं चांगलं इंग्रजी वाया चाललंय."

गेल्या हिवाळ्यात त्याचा फोन आला. बाहेर नुसतं पांढरं आहे म्हणाला. मग थांबून, "आज माझा वाढदिवस, ताई. इथे सांगायला कुणी नाही."

मी शुभेच्छा दिल्या. त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की रागावताही येईना. फोन ठेवून कॅलेंडरात तारीख लिहायला पेन घेतलं आणि परत ठेवलं.

मग शेजारी गेले. दारात मीनल सायकलच्या चाकात हवा भरत होती. मी हात पुढे केला. "अभिनंदन."

"कशाबद्दल?" तिने खरंच विचारलं.

आज त्याचा वाढदिवस असल्याचं मी सांगितलं. तिने चाक अंगठ्याने दाबून पाहिलं आणि पुन्हा हवा भरू लागली.