एका घरात एकच कुत्रं

आमच्याकडे पाहुणे जमले, जेवणं उरकली, की सुपारी कातरता कातरता कुणीतरी कुत्र्यांचा विषय काढतंच. मग एकाचं सांगून संपायच्या आत दुसऱ्याला काहीतरी आठवतं. घरात रिकामे डबे साठत जातात ना, तसे हे किस्से साठलेत. टाकून द्यायला जीव होत नाही.

सगळे किस्से सत्तरनंतरच्या सोलापुरातले. आमचं भुसार मालाचं दुकान होतं. पुढे ज्वारी-तुरीची पोती, मागच्या दोन खोल्यांत आम्ही. आम्ही म्हणजे माझे सासरे, त्यांना मी मामंजी म्हणायची, माझे मिस्टर, मी आणि कप्पी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. मामंजी मूळचे अक्कलकोटकडचे, कपाळाला भस्म, निम्मं बोलणं कानडीत. कप्पी ही त्यांची कुत्री. कप्पी म्हणजे कानडीत काळी.

मी लग्न होऊन आले त्या दिवशी कप्पी सरळ माझ्याजवळ आली, मला हुंगलं आणि माझ्या शालूच्या पदरावर अंग टाकून झोपली. मला उठता येईना. बायका हसायला लागल्या. मामंजी दारातून बघत होते. म्हणाले, "तिनं ठेवून घेतली हिला. आता आमी कोण बोलणार?"

माझं माहेर माढ्याकडचं, शेतावरचं. खळ्यावर चार-पाच कुत्री कायम. त्यामुळे पुढे मी सहज म्हटलं, हिला सोबतीला एखादं पिल्लू असावं. मामंजींनी हाताचा पंजा वर केला.

"साकु," म्हणाले. म्हणजे पुरे. एका घरात एकच कुत्रं.

*

पहिला मोह झाला माझ्या मिस्टरांना. ते सरकारी कचेरीत कारकून. एका साहेबांच्या अल्सेशियन कुत्रीला पिल्लं झाली, आणि एका संध्याकाळी हे सायकलच्या हँडलला अडकवलेल्या पिशवीतून एक पिल्लू घेऊन आले. "नुसतं दाखवायला आणलंय," म्हणाले.

पिल्लू गुबगुबीत, एक कान उभा, एक पडलेला. हे जेवायला बसले तर ते ह्यांच्या पायावर डोकं ठेवून झोपलं. ह्यांनी जेवण होईस्तोवर मांडी बदलली नाही. पाय बधिर झाला तरी हलले नाहीत. मला तेव्हाच कळलं, हे काही नुसतं दाखवायला आणलेलं नाही.

मामंजींनी हात धुतले, गडव्यातलं पाणी प्याले आणि शांतपणे म्हणाले, "एक कुत्रं घर राखतं. दोन कुत्री एकमेकाला राखत्यात. मग घर मोकळंच की."

सकाळी हे पिल्लू परत द्यायला गेले. जाताना पिशवी हँडलला अडकवली नाही. छातीशी धरून, सायकल हातात घेऊन पायी गेले.

*

मग दुष्काळ पडला. दुकानातली पोती बसत चालली. रेशनवर लाल मिलो, म्हणजे अमेरिकेहून आलेली ज्वारी मिळायची, तिची भाकरी तव्यावरच फुटायची. गावाकडची माणसं कामाला शहरात आलेली. अशात दुकानामागच्या पडक्या भिंतीआड एक भटकी कुत्री व्याली.

मला राहवेना. दुपारी घरात सामसूम झाली की मी माझ्यातली अर्धी भाकरी पदराखाली घेऊन तिकडे जायची. मामंजींना कळलं तर काय म्हणतील याची धास्ती होतीच. माणसांना खायला नाही आणि ही कुत्र्यांना घालते, असं म्हटलं असतं तर मी काय उत्तर देणार होते?

एक दिवस भिंतीला वळसा घातला, तर समोर मामंजी. उकिडवे बसलेले. एका मातीच्या परळात भाकरी कुस्करून पाण्यात भिजवत होते. मी जागच्या जागी थिजले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या पदराकडे पाहिलं, आणि पुन्हा भाकरी कुस्करायला लागले.

"घरात न्यायचं न्हाय," ते म्हणाले. "हितं येऊन काय करायचं ते करू."

परळ पुढे सरकवला. पिल्लं त्यावर तुटून पडली. कुत्रीच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशी तिची गत, पण ती पुढे आली नाही. पाठ फिरवून, रस्त्याकडे तोंड करून बसली. पिल्लांचं खाणं होईस्तोवर तिनं मान वळवली नाही. तिच्या तोंडातून लाळ मात्र गळत होती. मग ती आली आणि परळाला चिकटलेलं चाटू लागली. मामंजींनी माझ्या हातातली अर्धी भाकरी घेतली, तिच्यापुढे ठेवली, आणि देवापुढे लावतात तसा हात कपाळाला लावला.

त्यांना मी घरातल्या पूजेशिवाय कुठे नमस्कार करताना पाहिलं नव्हतं.

*

त्या पिल्लांतलं एक समोरच्या नरसम्मांनी नेलं. नरसम्मा म्हणजे तेलुगू विणकरीण. त्यांच्या घरात चादरींचे माग दिवसभर चालायचे. एवढ्या आवाजात आपल्याला बोललेलं ऐकू येत नसे, आणि ते पिल्लू मागाखाली पोट वर करून घोरायचं.

पंचाईत सुटीच्या दिवशी व्हायची. माग बंद. आवाज नाही म्हटल्यावर पिल्लाला झोप लागेना. घरभर केकाटत हिंडायचं आणि शेवटी रस्ता ओलांडून आमच्या दुकानात यायचं. नरसम्मा मला म्हणाल्या, "ठेवून घ्या की तुमीच. त्याला तुमचंच घर आवडतंय." मी आशेनं मामंजींकडे बघितलं. त्यांनी ऐकलंच नाही असं केलं.

पण पुढच्या सुटीला मी आतून दुकानात डोकावले, तर पिल्लू मामंजींच्या मांडीशी आणि मामंजी एका हाताने धान्याचं माप फळीवर आपटतायत. खट खट, खट खट, अगदी मागाच्या तालात. समोर एक गिऱ्हाईक पिशवी धरून उभं. त्यानं ज्वारी मागितली. मामंजींनी ताल न मोडता दुसऱ्या हाताने त्याला खूण केली.

"थांब जरा," ते हळूच म्हणाले. "डोळा लागतोय."

*

पाऊसपाणी बरं झालं त्या वर्षी आम्ही माळशिरसकडे गेलो. मामंजींचे जुने स्नेही बिरूअण्णा तिकडे मेंढरं राखायचे. त्यांच्याकडे कारवानी जातीची एक कुत्री होती. लांब तोंड, पोट पाठीला लागलेलं, पाय काटकुळे. मला ती आजारीच वाटली.

आम्ही माळावर बसलो होतो. लांब कुठेतरी मेंढरं बुजली. बिरूअण्णा नुसते उभे राहिले. ती कुत्री उठली, आणि मग ती मला दिसलीच नाही. माळावरून एक रेघ गेली. पाय भुईला लागत होते की नाही, सांगता यायचं नाही. पार टोकाला एक कोल्हा झुडपात पळाला, आणि मेंढरं खाली माना घालून पुन्हा चरू लागली. कुत्री परत आली ती चालत, काहीच घडलं नसल्यासारखी. मामंजींच्या तोंडातला विडा तसाच राहिला होता. बराच वेळ ते चावायचे विसरले.

निघताना बिरूअण्णांनी तिचं एक पिल्लू मामंजींच्या हातात दिलं. स्नेह्यानं दिलेलं, नाही कसं म्हणायचं? आणि खरं सांगायचं तर नाही म्हणायची त्यांची इच्छाच दिसत नव्हती. उपरण्यात गुंडाळून त्यांनी ते पोटाशी धरलं. माझा आनंद मावेना. ह्यांनी मला खुणेनं गप्प राहायला सांगितलं.

एसटी यायच्या फाट्यापर्यंत कुत्री आमच्यामागून आली. भुंकली नाही, अंगावर आली नाही. मामंजी दगडावर टेकले तशी तिनं आपलं लांब तोंड त्यांच्या गुडघ्यावर ठेवलं आणि वर बघत राहिली. एसटी आली, कंडक्टरनं घाई केली. मामंजींनी उपरणं सोडलं, पिल्लू तिच्या पुढ्यात ठेवलं आणि बिरूअण्णांना म्हणाले, "तुमी दिलं. पर तिनं कुटं दिलंय?"

सोलापूर येईपर्यंत ते मधूनच आपले तळहात नाकाशी न्यायचे.

*

आता शेवटचा. हा सांगताना हे अजूनही उठून बाहेर जातात.

कप्पी म्हातारी झाली होती. तोंड पांढरं पडलं होतं, पुढचे दात गेले होते. तिला कधी पिल्लं झाली नव्हती. वयात असतानाही नाही.

वैशाखातली दुपार. मामंजी दुकानात पेंगत होते. कप्पी बाहेरून आली. तिच्या तोंडात काहीतरी होतं. मामंजींना वाटलं उंदीर असेल. ती त्यांच्यासमोरून, पोत्यांमधून, सरळ आत आली आणि माझ्या शिवणाच्या चिंध्यांत तिनं ते ठेवलं. तांबूस रंगाचं पिल्लू. डोळेही उघडलेले नव्हते.

आम्ही आसपासच्या सगळ्या गल्ल्या पालथ्या घातल्या. नरसम्मांनी त्यांच्या सगळ्या नातेवाइकांत विचारलं. कुठे कुत्री व्याल्याचं कुणाला ठाऊक नव्हतं. आईशिवाय ते जगणार नाही हे आम्हा तिघांनाही दिसत होतं. मी कापसाची वात करून दूध पाजायला बघितलं. तोंडातून बाहेर यायचं. संध्याकाळपर्यंत त्याचा आवाज बारीक होत होत बंदच झाला. मी त्याला उचलायला गेले तर कप्पी, जी माझ्यावर कधी गुरगुरली नव्हती, गुरगुरली.

मामंजी म्हणाले, "राहू दे तिच्यापाशी. तिला कळंल तवा सोडंल."

त्यांनी पहाटे अंगणात खड्डा करायला कुदळ काढून ठेवली होती.

उजाडलं तसं आम्ही तिघं आत गेलो. कप्पी कुशीवर पडली होती. पिल्लू तिच्या पोटाशी होतं आणि पुढच्या पायांनी तिचं पोट दाबत होतं. चुटूचुटू आवाज येत होता. मी वाकून बघितलं. त्याच्या तोंडाच्या कडेला दुधाचा फेस होता. पोट टम्म फुगलेलं.

हे सायकल काढून गुरांच्या डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टरांनी कप्पीचं पोट हळूच दाबून पाहिलं, बोटावर आलेलं दूध उजेडात धरून पाहिलं. तिचं वय विचारलं. मी सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं. मग बॅग बंद केली आणि आम्ही सगळे तिथेच बसून राहिलो.

बाहेर गिऱ्हाइकं जमली होती. कुणीतरी फळी वाजवून हाक मारली, की दुकान उघडायचं नाही का?

मामंजी उठले, दार थोडंसं किलकिलं केलं आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "आज दुकान बंद. गलका करू नका. घरात बाळंतीण हाय."