नऊ मीटर नळी

इस्माईलभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी इथे आखातात, सलव्यातल्या घराच्या बिल्डिंगखाली गाडी चालू करून एसी गार होण्याची वाट पाहत होतो. फोन त्यांच्या मिरकाबच्या खोलीतल्या सोबत्याचा. इस्माईलभाई सुट्टीवर दापोलीजवळच्या गावी गेले होते. सकाळची नमाज झाली, चहा मागितला आणि चहा येईपर्यंत... मी गाडी बंद केली, वर जाऊन हिला सांगितलं. ती म्हणाली, "आपले नळीवाले इस्माईलभाई?" आमच्या घरात त्यांची ओळख हीच. त्याला आता महिना होऊन गेला. वाईट वाटतंच, पण त्यांचं नाव निघालं की मला आधी वर्कशॉपमधली एक दुपार आठवते. म्हणून तीच लिहितो.

आम्ही एकाच पेट्रोकेमिकल प्लांटमध्ये. मी नाशिकचा, इन्स्ट्रुमेंट विभागातला इंजिनिअर. ते माझ्याहून नऊ वर्षांनी मोठे, बारीक नळ्या जोडणारे फिटर. आमच्याकडे गरम हवा नेणारा एक लांबलचक डक्ट आहे. तो मधूनच हादरायचा. हादरा नेमका कुठून सुरू होतो ते शोधायला आम्ही डक्टवर आठ प्रेशर स्कॅनर बसवले. स्कॅनर म्हणजे छोटी पेटी. डक्टवरून तिच्यात बारीक नळ्या येतात, ती त्यांतला दाब मोजते आणि आकडे नेटवर्कवरून कॉम्प्युटरला पाठवते. ज्या पेटीत दाब आधी चढेल, तिथे दोष. त्यामुळे आठही पेट्यांनी एकाच क्षणी मोजायला हवं. नेटवर्कवरून हुकूम दिला तर तो प्रत्येकीला थोडा मागेपुढे पोचतो, म्हणून मी सगळ्यांना एक वेगळी तार जोडली आणि तिच्यावरून एकच इशारा द्यायची सोय केली. सेकंदाला शंभर नोंदी, आठही पेट्यांच्या एका वेळी; कॉम्प्युटरवर प्रत्येक नोंदीची एक ओळ. मी खूश होतो.

फक्त नळ्या मला बघवत नव्हत्या. सहा नंबरची पेटी उष्णतेमुळे लांब ठेवावी लागली होती, तिची नळी साडेअकरा मीटर. इस्माईलभाईंनी बाकीच्या पेट्यांच्या नळ्याही तेवढ्याच ठेवून जादा लांबीची वेटोळी करून टांगली होती. मी म्हटलं, "इस्माईलभाई, अडीच मीटरमध्ये भागतं तिथे हा काय पसारा?"

"राहू दे ना साहेब. सगळ्या सारख्या आहेत."

"कापा."

त्यांनी कापल्या.

मग मोजणी झाली. सात पेट्यांत दाब जवळपास एकत्र चढला, सहा नंबरमध्ये दोन ओळी उशिरा. मी तार तपासली, कॉम्प्युटर तपासला, ओळी तीनदा मोजल्या. माझ्या बाजूला चूक सापडेना. तेव्हा मी अहवालात लिहिलं, 'सहा नंबरच्या नळीत गळती असावी.' माझ्यासाठी ते एक वाक्य होतं. पण त्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं. मॅनेजरने ते वाक्य वाचलं आणि त्यांचा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, पुढे वाढवायला नको असं ठरवलं. त्यांच्या धाकट्या मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष बाकी होतं, हे मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले. आवाज चढवला नाही. "साहेब, माझी नळी गळत नाही. दाब भरून, टोक बंद करून ठेवली होती. अर्ध्या तासात काटा हलला नाही. दुपारी दोन पेट्या वर्कशॉपमध्ये द्या मला."

मी दोन आणि सहा नंबरच्या पेट्या दिल्या. त्यांनी हवेच्या एकाच बाटलीला दोन आखूड, सारख्या नळ्या लावल्या आणि झडप उघडली. दोन्हींत दाब एकाच ओळीवर चढला. म्हणजे पेट्या ठीक, माझी तारही ठीक. मग त्यांनी नऊ मीटरचं वेटोळं काढलं, माझ्याच हुकमावरून कापलेलं, आणि ते दोन नंबरला जोडलं. "आता बघा." झडप उघडली. दोन नंबर चार ओळी मागे. त्यांनी वेटोळं काढून सहाला लावलं. सहा नंबर चार ओळी मागे. परत दोनला. परत दोन नंबर मागे. उशीर त्या वेटोळ्याबरोबर या पेटीतून त्या पेटीत जात होता, आणि मी स्क्रीनपुढे शाळेतल्या मुलासारखा "परत, परत" म्हणत होतो.

"बारीक लांब नळीत हवेला पोचायला वेळ लागतो," ते म्हणाले. "तुमचा हिशेब बरोबर, साहेब. माझी नळीपण बरोबर. मधली कात्री कोणाची, तेवढं सांगा."

"मला आधी सांगायचं नाही का?"

"एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा तुम्ही विचारलं नाही."

माझ्या डोक्यात वजाबाकी सुरू झाली होती. डक्टवर सहा नंबर दोन ओळी मागे दिसला. पण एकट्या नळीचाच उशीर चार ओळींचा. म्हणजे खरा तो दोन ओळी पुढे. ज्या पेटीला आम्ही सर्वांत शेवटची समजत होतो तीच पहिली होती. हादरा तिथूनच निघत होता. मी ओरडलोच. इस्माईलभाईंनी हात पुसत विचारलं, "काय ओ, विंचू चावला काय?"

मी तसाच मॅनेजरकडे गेलो. गळती नाही, नळ्या कापायला मी सांगितलं, चूक माझी, असं तोंडी सांगितलं आणि लेखीही दिलं. त्याला ते आवडलं नाही. पण डक्ट सहा नंबरपाशी उघडला तेव्हा आतला पत्रा उसवून फडफडत होता. पुढच्या आठवड्यात इकामा वाढवायचे कागद गेले. मुलगी नर्स झाली. इस्माईलभाईंनी मात्र मला पुरतं सोडलं नाही. घरी जेवायला आले की हिला म्हणायचे, "वहिनी, साहेबांच्या हातात कात्री देऊ नका."

नळ्या पुन्हा सारख्या झाल्या. तेव्हापासून रोज सकाळी आठही पेट्यांना हवेची एकच फुंकर देऊन दाब एका ओळीवर चढतो का ते पाहतात. इस्माईलभाई गेल्याचं कळलं त्या दिवशी मी प्लांटवर उशिरा पोचलो आणि सरळ कंट्रोल रूममध्ये गेलो. नव्या इजिप्शियन ऑपरेटरने माझ्यासमोर बटण दाबलं. आठ रेषा एकदम वर गेल्या. कितीही वेळा पाहिलं तरी मला ते पाहताना मजा वाटते, त्या दिवशीही वाटली. त्याने रजिस्टरच्या रकान्यात लिहिलं, 'इस्माईल ओके', आणि वही सहीसाठी पुढे केली. मग मोडक्या हिंदीत विचारलं, "सर, ये इस्माईल टेस्ट कौनसी कंपनी का है?"

मी सही केली आणि त्याच्या शेजारची खुर्ची ओढली.