समासातल्या नोंदी

‘मला हे येत नाही’ हे वाक्य इतक्या प्रसन्न चेहऱ्याने म्हणणारा माणूस माझ्या मेहुण्याखेरीज उभ्या मुंबईत नसेल. करी रोडच्या त्यांच्या इमारतीत सत्यनारायण होता. आरतीसाठी लोकांनी त्याला पुढे ढकललं, तर म्हणाला, “चाल येत नाही, शब्द म्हणतो.” आणि अख्खी आरती त्याने बातम्या वाचाव्यात तशी वाचली. टाळ वाजवणारे गोंधळले, पण एक कडवं गळलं नाही. सासूबाई गावाला गेल्या तेव्हा बांगड्यांचं कालवण त्याच्यावर आलं. संध्याकाळी आम्ही पोचलो तर साफ केलेले बांगडे फ्रीजमध्ये, वर चिठ्ठी: ‘इथपर्यंत जमलं. पुढचं ताईने करावं.’ ताई म्हणजे माझी बायको. तिने कपाळावर हात मारला आणि पदर खोचला.

नोकरी सांभाळून त्याने एक ओपन सोर्स लायब्ररी लिहिली आहे. (सासूबाई बरेच दिवस तिथे पुस्तकं कुठे ठेवतात ते विचारत होत्या.) ही लायब्ररी म्हणजे संगणकातला एक प्रोग्रॅम; साधा मजकूर दिला की ती मथळे, परिच्छेद, तक्ते नीट मांडून देते. कोणीही फुकट वापरावी.

एकदा चिपळूणच्या एका बाईंची मेल आली. वारलेल्या वडिलांची वही त्यांनी टाइप करून या लायब्ररीतून छापली, प्रती भावकीत वाटल्या, आणि मग लक्षात आलं की समासातल्या नोंदी कुठेच नाहीत. लायब्ररीला समास ठाऊकच नव्हता. न कळलेलं तिने गुपचूप टाकून दिलं होतं.

मेहुणा त्या दिवशी जेवला नाही. “भावोजी, येत नाही तर तसं सांगायचं ना! गिळायचं कशाला?”

तीन रविवार तो खुर्चीतून उठला नाही. आता लायब्ररीला काही कळलं नाही, तर मूळ मजकूर तसाच राहतो आणि खाली ओळ येते: ‘हे मांडता आलं नाही, म्हणून जसंच्या तसं ठेवलं आहे.’ बाईंची फाइल त्याने स्वतः पुन्हा चालवून पाठवली.

महिन्याभराने बाईंकडून कुरियरने नवी छापील प्रत आली. नोंदी ओबडधोबड, पण सगळ्या होत्या. त्याने एक मोठ्याने वाचली: ‘आज पोरीला ताप. पेज प्याली. बरं वाटलं.’ प्रत त्याने मांडीवर ठेवली.

मग शेजारी बसलेल्या सासऱ्यांना त्याने विचारलं, “बाबा, तुम्ही काही लिहून ठेवलंय?”

“मी? गिरणीत लिवूक येळ खंय होतो रे?”

मेहुण्याने खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. “मग सांगा. मी लिहितो.”

सासरे खिडकीकडून त्याच्याकडे वळले. मग हळूच म्हणाले, “खंयसून सुरू करू?”