मागच्या बाकावरचे मुख्याध्यापक
मोठ्या बाई म्हणजे तोंडाचा पट्टा! मुख्याध्यापिका झाल्यापासून त्या बोलायच्या आणि शाळा ऐकायची. पण मुख्याध्यापकांच्या प्रशिक्षणाला गेल्या की त्यांचाच जीव गुदमरायचा. सभागृहात बसा, पडद्याकडे बघा, माना डोलवा, चहा प्या, सही ठोका, घरी जा. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

गेल्या वेळी बाई ताडकन उठल्या. "साहेब, पोहायला शिकवायचं तर पाण्यात उतरवा की! काठावर बसवून किती वर्षं हात मारायला लावणार?"

अधिकारी हसले. "ठीक आहे, तुमच्याच शाळेत उतरू. एखादा तास बघायचा, मग त्या शिक्षिकेशी सगळ्यांसमोर तुम्ही बोलायचं. जमलं तर वर्षभर असंच करू. नाही तर परत सभागृह."

झालं! बाईंना घास गोड लागेना. नवरा म्हणाला, "घोडामैदान जवळच आहे, आता कशाला घाबरतेस?"

"घाबरत नाहीये हो, आनंदानं झोप उडालीये!"

ठरल्या सकाळी अधिकारी आणि पाच-सहा मुख्याध्यापक सातवीच्या वर्गात मागच्या बाकांवर दाटीवाटीनं बसले. गुडघे बाकाला आपटत होते. नवी गणिताची शिक्षिका अपूर्णांक शिकवत होती. शेजारच्या शाळेचे कडक मुख्याध्यापक, सगळे त्यांना शिट्टी सर म्हणत, ते तर तिच्या हातातला खडू घ्यायला उठलेच होते. बाईंनी सदरा ओढून खाली बसवलं.

तास संपला. सगळे ऑफिसात जमले आणि बाई सुरू झाल्या. फळा असा वापर, आवाज चढव, उदाहरणं घरातली घे. काय सुटल्या म्हणता! शिक्षिका म्हणत होती, "हो बाई. हो बाई." मुख्याध्यापक माना डोलवत होते.

त्या डोलणाऱ्या माना बघून बाई मधेच थबकल्या.

"अगंबाई! हे तर सभागृहच झालं की!"

 अधिकाऱ्यांनी नुसती पेनाच्या टोपणाची टकटक केली.  बाईंनी खुर्ची शिक्षिकेच्या जवळ ओढली. "माझं सगळं विसर. तू सांग, आज वर्गात काय झालं?"

शिक्षिका बोटांवरचा खडू पुसत राहिली. बाईंच्या ओठांवर शंभर वाक्यं आली, त्यांनी ती गिळली. शिट्टी सरांनी तोंड उघडलं, तसा बाईंनी टेबलाखाली त्यांचा पाय तुडवला.

बऱ्याच वेळानं शिक्षिका हळूच म्हणाली, "बाई, मागच्या मुलांना येत नाही, हे मला दिसतं. पण चुकीचं उत्तर आलं की पुढे काय करायचं ते मलाच सुचत नाही. म्हणून मी पुढच्यांनाच विचारते."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. तासभर त्याच मागच्या बाकांवर बसले होते, आणि एकाच्याही हे लक्षात आलं नव्हतं.

"मग काय करू या?" बाईंनी विचारलं.

"उद्या मागून सुरुवात करते. तुम्ही याल बघायला?"

याल? आजवर बाई व्हरांड्यात दिसल्या की शिक्षक खडूसुद्धा जपून उचलायचे! बाईंना इतका आनंद झाला की कुणाला मिठी मारू नि कुणाला नको असं झालं.

"येते तर! मागेच बसते."

अधिकाऱ्यांनी विचारलं, "बोला, पुढची शाळा कोणाची?"

शिट्टी सर पाय चोळत उभे राहिले. "माझी घ्या. इतकी वर्षं मुख्याध्यापक आहे मी. माझ्या शिक्षकांनी मला 'या' असं कधीच म्हटलेलं नाही."